२४ ऑगस्ट २०१५ : डीलिंग रूममधला एक सोमवार

२०१५ साली मी मुंबईतील एका बँकेच्या ट्रेझरी विभागात काम करत होतो. चलनाची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरांसाठी आणि बँकेच्या आयातदार-निर्यातदार ग्राहकांसाठी रोज सकाळी बाजाराचे टिपण तयार करणे हे माझ्याकडचे मुख्य काम होते. ११ ऑगस्टपर्यंत त्या टिपणाची सुरुवात अमेरिकेच्या व्याजदरांपासून होत असे. त्या दिवशी चीनच्या मध्यवर्ती बँकेने युआनचा डॉलरमागचा मध्यदर (ज्याच्या आसपास दिवसभराचे व्यवहार होतात तो रोजचा अधिकृत दर) ६.११६२ वरून एकदम ६.२२९८ वर नेला, म्हणजे युआन स्वस्त केला, पुढचे दोन दिवस तो आणखी उतरवला, आणि आमच्या घड्याळात सकाळी पावणेसातला महत्त्व आले, कारण बीजिंगचा दर आपल्याकडे त्या वेळी कळतो.

तीन दिवसांत युआन सुमारे साडेचार टक्के घसरला होता. २०१३ च्या मे ते ऑगस्टमध्ये रुपया जसा कोसळला त्यापुढे हे काहीच नव्हते. पण २००५ पासून युआन हळूहळू चढतच जाणार, असे गृहीत धरून चिनी कंपन्यांनी डॉलरमध्ये भरपूर कर्ज उचलले होते. ते गृहीतच डळमळल्यावर प्रत्येकाने कर्ज लवकर फेडायला धावणे, त्यासाठी डॉलर विकत घेणे आणि त्या मागणीने युआनवर आणखी दाब येणे हे ओघानेच आले. युआनचा दर यापुढे बाजार ठरवील, असे सांगणारे सरकार त्याच काळात शेअर बाजार मात्र सरकारी पैशाने सावरत होते. या दोहोंतले नेमके खरे धोरण कोणते, हे कुणालाच उमगत नव्हते आणि माझ्या मते त्या सोमवारच्या घबराटीचे मूळ तिथेच होते.

शुक्रवारी चीनच्या कारखानदारीचा खाजगी पाहणीतला प्राथमिक निर्देशांक ४७.१ आला होता (५० च्या खाली म्हणजे आकुंचन), म्हणजे सहा वर्षांतला नीचांक. शनिवार-रविवारी मध्यवर्ती बँक रोख राखीव प्रमाण (बँकांना ठेवींपैकी तिच्याकडे ठेवावा लागणारा हिस्सा) कमी करील, अशी सर्वांना अपेक्षा होती. त्याऐवजी निवृत्तिवेतन निधींना ३० टक्क्यांपर्यंत रक्कम शेअरमध्ये गुंतवण्याची मुभा मिळाल्याची बातमी आली. सोमवारी सकाळी सात वाजता शांघायचा बाजार उघडला तो कोसळतच. नऊ वाजता तिकडे दुपारची सुट्टी झाली आणि इकडे रुपयाचा बाजार सुरू झाला, म्हणजे त्यांच्या पडझडीवर आमची भवानी. शुक्रवारी ६५.८३ वर बंद झालेला डॉलर उघडताच ६६ च्या पुढे गेला.

त्या दिवशी आलेल्या फोनांपैकी एक मला विशेष लक्षात राहिला आहे. हे गृहस्थ तांब्याच्या तारा तयार करत. कच्चा माल आयातीचा, त्याचा भाव जुलैतच ठरलेला, पैसे मात्र सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात डॉलरमध्ये चुकते करायचे होते, आणि त्यावर फॉरवर्ड कव्हर (पुढच्या तारखेच्या डॉलरचा दर आजच पक्का करणारा करार) घेतलेले नव्हते. लंडनच्या धातुबाजारात तांबे त्या दिवशी टनाला ५,००० डॉलरच्या खाली होते, २००९ नंतरच्या नीचांकावर. त्यांचे गिऱ्हाईक तारा नव्या, उतरलेल्या भावाने मागू लागले होते. "साहेब, चीन तांबं घेत नाही म्हणून तांबं पडलं, हे समजलं. पण मग डॉलर का महागतोय? माझं दोन्हीकडून मरण," असे ते म्हणाले.

प्रश्न रास्त होता. जगातले जवळजवळ निम्मे तांबे तेव्हा एकटा चीन वापरत होता. तिथली घरबांधणी मंदावली, विजेच्या तारांपासून वातानुकूलन यंत्रांपर्यंतची मागणी आटली, की लंडनचा भाव उतरतो. मग तांबे, लोखंड, तेल विकून जगणाऱ्या चिली, ब्राझील, ऑस्ट्रेलियासारख्या देशांची चलने खाली येतात. मोठे परदेशी फंड मात्र उदयोन्मुख देशांतली गुंतवणूक एकाच खात्यात धरतात. ब्राझीलमध्ये तोटा झाला की जिथे विकून पैसे सुटतात तिथे विकतात, आणि मुंबईत ते सहज सुटतात. भारत तेल आणि तांब्याचा ग्राहक आहे, स्वस्ताईने त्याचे भलेच होणार, हा हिशेब बरोबर असला तरी तो महिन्यांचा होता. फंडांची विक्री तासांची होती.

आमच्या मुख्य डीलर मॅडमनी फोन हाती घेतला. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या बिलांचे कव्हर आजच घ्या, नोव्हेंबरचे मोकळे राहू द्या, असे त्यांनी सुचवले. भारतात तांब्याचा भाव डॉलरच्या दराने गुणूनच निघतो, त्यामुळे रुपया पडल्याने शिल्लक मालावरची झळ थोडी कमी होईल, हेही त्यांनी समजावले. फॉरवर्डचा प्रीमियम, म्हणजे आजच्या दरावर मोजावी लागणारी जादा रक्कम, ऐकून गृहस्थ जरा कुरकुरले, पण अर्ध्या तासाने त्यांनी होकार कळवला.

त्याच सकाळी मुंबईतल्या बँकिंग परिषदेत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी आपल्याकडे ३८० अब्ज डॉलरची परकीय चलनाची गंगाजळी आहे आणि गरज पडल्यास ती वापरायला आपण कचरणार नाही, असे सांगितले. त्या वाक्याने डीलिंग रूममधला आवाज थोडा खाली आला, डॉलरचा भाव मात्र फारसा खाली आला नाही. शांघाय साडेबाराला ८.४९ टक्के घसरून बंद झाले. सेन्सेक्स १,६२४ अंकांनी आपटून २५,७४१ वर आला, ही अंकांच्या हिशेबात तोपर्यंतची सर्वांत मोठी घसरण होती. डॉलर ६६.६५ वर थांबला. संध्याकाळी न्यूयॉर्क उघडताच तिथल्या डाऊ जोन्स निर्देशांकाने हजाराहून अधिक अंक गमावले; बंद होईपर्यंत त्यातले निम्म्याच्या आसपास भरून निघाले.

दुसऱ्या दिवशी शांघाय आणखी साडेसात टक्के पडल्यावर चीनने व्याजदर आणि रोख राखीव प्रमाण दोन्ही कमी केले. वर्तमानपत्रे आठवडाभर शेअर निर्देशांकच मोजत राहिली. वास्तविक चिनी कुटुंबांची बहुतेक पुंजी शेअरमध्ये नसून घरांत अडकलेली असते, आणि वर्षभरात उधारीच्या पैशावर दुपटीहून जास्त फुगलेला तो निर्देशांक तिथल्या अर्थव्यवस्थेबद्दल चढतानाही फारसे काही सांगत नव्हता. सांगणारा आकडा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आला: एका ऑगस्ट महिन्यात चीनची परकीय गंगाजळी सुमारे ९४ अब्ज डॉलरनी घटली होती, तोपर्यंतची सर्वांत मोठी मासिक घट. तिच्यात इतर चलनांच्या चढउताराचाही वाटा असतो, तरी युआन धरून ठेवायला किती डॉलर ओतावे लागले याचा अंदाज तिच्यावरून येत होता. तो आकडा जाहीर झाला तेव्हा मी शांघायचा निर्देशांक टिपणात खाली ढकलला, आणि युआनचा मध्यदर, गंगाजळी व लंडनचे तांबे हे तीन आकडे वर आणले. तारवाल्या गृहस्थांनी नोव्हेंबरच्या बिलाचे कव्हरही त्याच आठवड्यात मागून घेतले.