मक्याला ऊन, पुस्तकांना गारवा

मेच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षा संपल्या की आईचा फोन येतो आणि ती दरवर्षी तेच म्हणते, "मुलं घरी गेली ना? मग तुला आता ऑगस्टपर्यंत निवांतच!" साताऱ्याला कॉलेजच्या लायब्ररीत मी सहा वर्षं होते, तेव्हाही तिला असंच वाटायचं. तिथे मे महिन्यात आमची ग्रंथ पडताळणी चालायची. एकाने दाखल नोंदवही घेऊन बसायचं, दुसऱ्याने कपाटापुढे उभं राहून नंबर पुकारायचे, आणि संध्याकाळपर्यंत धुळीने दोघांचेही घसे बसायचे. इथे धूळ कमी आहे आणि नंबर पुकारावे लागत नाहीत. पण लायब्ररीचा खरा हंगाम उन्हाळाच, हे तिथे जितकं खरं होतं तितकंच इथेही आहे.

इथे म्हणजे इलिनॉय राज्यात, अर्बाना-शॅम्पेन या जोडगावात. शिकागोहून दक्षिणेला दोन-अडीच तास गाडी चालवली की येतं. वाटेत दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, दुसरं काही नाही. मी काम करते त्या इलिनॉय विद्यापीठाच्या आवारातही, अगदी लायब्ररीला लागून, मक्याचं एक शेत आहे. त्याचं नाव मॉरो प्लॉट्स. १८७६ पासून तिथे पिकांचे प्रयोग चालू आहेत. १९६९ साली या शेताशेजारी पदवीच्या मुलांसाठी नवी लायब्ररी बांधली, ती जमिनीखाली, कारण उंच इमारतीची सावली मक्यावर पडली असती आणि इतक्या वर्षांचा प्रयोग बिघडला असता. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी तिथेच कुंपणाशी उभी राहिले. पिकाचं ऊन अडू नये म्हणून लायब्ररी खाली गेली! ती लायब्ररी २०२२ मध्ये बंद झाली. मी काम करते ती शेजारची मुख्य लायब्ररी, १९२० च्या दशकातली, विटांची, मोठ्या खिडक्यांची.

सुट्टी लागल्यावर पहिला आठवडा देवघेवीचा. (सर्क्युलेशन या इंग्रजी शब्दापेक्षा आपला "देवघेव" किती नेमका आहे, हे मला इथे येऊन कळलं.) गाव सोडून जाणारी मुलं खोली रिकामी करताना पलंगाखालची पुस्तकं आणून परतीच्या पेटीत टाकतात. सकाळी आलं की पेटीचं झाकण अर्धवट उघडं असतं. त्या आठवड्यात आम्ही फक्त जमा करतो, पानं चाळून आत काही राहिलंय का बघतो आणि ट्रॉल्या भरतो. आमच्याकडे हातखर्चासाठी तासावर काम करणारी विद्यार्थी मंडळी असतात. त्यातली निम्मी याच वेळी पदवी घेऊन निघून जातात, म्हणजे ट्रॉल्या सगळ्यात जास्त आणि हात सगळ्यात कमी.

मग एका सोमवारी एकदम शांत होतं. उन्हाळी वर्ग चालू असतात, पण मोजके. पीएचडीचा शेवट गाठणारे विद्यार्थी रोज त्याच टेबलावर येऊन बसतात. परगावचे प्राध्यापक महिनाभरासाठी येतात. ऑगस्टमध्ये प्रवेश घेणारी मुलं आईवडिलांबरोबर जागा बघायला येतात आणि वाचनकक्षाच्या छताकडे बघत दारातच थांबतात. उघडण्याची वेळ उशिराची, बंद होण्याची लवकरची. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला चक्रीवादळाच्या भोंग्याची चाचणी होते. ती राज्यभर होते, त्यामुळे कुणी मान वर करत नाही. मात्र इतर वेळी भोंगा वाजला की हातातलं सोडायचं, सगळ्या मजल्यांवरच्या वाचकांना उठवायचं आणि तळघरात न्यायचं. ऐन दुपारी आभाळ हिरवट झालं की मी आपोआप कोण कुठे बसलंय ते मनात मोजायला लागते.

जूनमधली पंधरा दिवसांची पळापळ पैशांची. इथलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, तेव्हा बिलं आणि वर्गण्या त्याआधी उरकाव्या लागतात. आपल्याकडच्या ३१ मार्चची आठवण यावी इतकी ती सारखी आहे. ते काम माझं नाही, म्हणून त्याबद्दल एवढंच.

माझं काम पुस्तकांच्या जागेचं. सेमिस्टर चालू असताना आम्ही पुस्तक मांडणीवर ठेवतो. ते बरोबर जागी आहे का, हे तपासायला वेळ मिळतो तो उन्हाळ्यातच. एक-एक फळी घ्यायची, डावीकडून उजवीकडे प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवरचा वर्गांक वाचायचा, चुकलेलं काढायचं, योग्य जागी न्यायचं. दोन तासांपेक्षा जास्त सलग करू नये. डोळे वाचत राहतात, पण मन वाचायचं थांबतं आणि चुकलेलं पुस्तक समोरून निघून जातं.

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसची, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाची, वर्गीकरण पद्धत घेतली आहे, पण आमच्या मुख्य ग्रंथसाठ्याचा मोठा भाग अजून ड्यूई दशांश या आकड्यांच्या पद्धतीवर आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी मी मांडण्यांमध्ये शिरले आणि थेट माहेरी पोचले. हिंदी साहित्य ८९१.४३, बंगाली ८९१.४४, मराठी ८९१.४६, गुजराती ८९१.४७. साताऱ्याच्या कपाटांवर हेच आकडे होते. नव्या मुलांचा गोंधळ होतो तो उर्दूपाशी. उर्दूचा आकडा ८९१.४३९. चारशे एकोणचाळीस हे सत्तेचाळीसपेक्षा मोठे, असं धरून ते उर्दू कवितेला नेऊन गुजरातीच्या पलीकडे ठेवतात. मग मी खिशातली नाणी काढते. डॉलरच्या पुढचे सेंट कसे वाचता, तसंच हे वाचा. पैशात सांगितलं की दशांश चिन्ह एकदाच कळतं आणि पुन्हा चुकत नाही.

चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हे हरवलेलं पुस्तक, हे बी.लिब.च्या वर्गात आम्ही पाठ केलं होतं. या जूनमध्ये ते मी हाताने अनुभवलं. दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधक मुलीने आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मराठीतल्या एका दहा खंडांच्या संचाचा पहिला खंड मागवला होता. तालिका (कॅटलॉग) सांगत होती, खंड आत आहे. मांडणीवर दुसरा खंड होता, तिसरा होता, पहिला नव्हता. अशा वेळी शोधायची एक ठरलेली रीत आहे. आधी वरची आणि खालची फळी, मग फळीच्या मागची फट, मग वर्गांकातले दोन आकडे उलटसुलट करून त्या जागी, मग न लावलेल्या ट्रॉल्या. दोन दिवस मी हे सगळं केलं. तिसऱ्या दिवशी काही शोधायचं नाही असं ठरवून नुसती त्या संचासमोर बसले आणि पाठी वाचत गेले. सात, आठ, नऊ, नऊ, दहा.

दोन नऊ कसे? कापडी पाठीवर प्रकाशकाने सोनेरी शाईत आकडे घातले होते, देवनागरीत. त्यातला पहिला "नऊ" हा "१" होता. सोनेरी शाई जिथे उडाली होती तिथे १ आणि ९ यांच्यातला फरकच पुसला गेला होता, आणि तळाची छापील पट्टी उन्हाने फिकी पडली होती. कुणा वाचकाने वाचून झाल्यावर चांगल्या मनाने तो स्वतःच जागेवर ठेवला असणार. "पुस्तकं टेबलावरच राहू द्या, आम्ही लावू" अशी पाटी आम्ही लावतो, ती यासाठीच. तो खंड त्याच संध्याकाळी पाकिटात बांधून रवाना झाला. दुसऱ्या दिवशी मी एका कार्डावर शून्य ते नऊ देवनागरी आकडे मोठ्या अक्षरात लिहिले, खाली इंग्रजी आकडे, आणि ते माझ्या ट्रॉलीच्या दांडीला चिकटवलं. १ आणि ९ लाल शाईत.

हे मराठी ग्रंथ इथे मक्याच्या देशात आले कसे, हे मला आल्यावर कितीतरी दिवस कळलं नव्हतं. नोंदी चाळताना काही जुन्या नोंदींमध्ये "पीएल ४८०" अशी खूण दिसायची. हे नाव आपल्या घरांत साठीच्या दशकातल्या रेशनच्या गव्हामुळे माहीत आहे. माझी आजी तो गहू निवडताना काय काय बोलायची ते आई अजून सांगते. १९५४ च्या त्या अमेरिकन कायद्याखाली भारताला धान्य मिळालं आणि त्याची किंमत भारताने रुपयांत चुकती केली. ते रुपये भारतातच खर्च करायचे होते. १९६२ पासून त्यातला एक हिस्सा लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीतल्या कचेरीमार्फत पुस्तकं घेण्यासाठी वापरला गेला. वेगवेगळ्या भारतीय भाषांतली पुस्तकं, मासिकं, सरकारी अहवाल अशा कितीतरी गोष्टी एकाच वेळी अनेक प्रतींत घेऊन अमेरिकेतल्या निरनिराळ्या विद्यापीठांना पाठवल्या गेल्या. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडून निघालेलं पुस्तक समुद्रमार्गे इथवर आलं, ते त्या गव्हाच्या पैशांत. आपल्या गावच्या वाचनालयात आता सापडणार नाहीत अशी कितीतरी पुस्तकं इथे शाबूत आहेत. मला याचं मनापासून बरं वाटतं आणि थोडं वाईटही वाटतं.

शाबूत म्हणताना एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळचा आपला कागद स्वस्तातला, आम्लाचा. काही पुस्तकांचं पान उलटताना कोपरा पापडासारखा मोडतो. अशी पुस्तकं मी फळीवरून वेगळी काढते आणि सुती फितीने बांधते. फितीची गाठ पुस्तकाच्या पोटावर किंवा पाठीवर येऊ द्यायची नाही, ती उघडणाऱ्या कडेला घ्यायची, नाहीतर शेजारच्या पुस्तकाला तिचा वळ पडतो. मग ती ओक स्ट्रीटला जातात. २००४ साली सुरू झालेली ही आमची ग्रंथांची कोठी. आत १० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि हवा कोरडी ठेवतात, म्हणून ऐन जुलैमध्ये तिथे जाताना स्वेटर न्यावा लागतो. तिथे पुस्तकं विषयवार नसतात, मापावार असतात. एका उंचीची पुस्तकं एका तबकात, तबकावर बारकोड, आणि तबक छताला भिडलेल्या मांडणीवर. यंत्राच्या पाळण्यात उभं राहून माणूस वर जातो आणि हवं ते काढून आणतो.

पुस्तकाचं आयुष्य तिथे कित्येक पटींनी वाढतं, यात शंका नाही. पण ८९१.४६ ची फळी चाळता चाळता शेजारचं अनपेक्षित पुस्तक हाताला लागतं, ते तिथे होत नाही. मराठी कादंबरीशेजारी एखादा जर्मन अहवाल असतो, कारण दोघांची उंची सारखी. तिथे गेलेलं पुस्तक वाचकापर्यंत पोचण्याचा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे तालिकेतली नोंद. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं तिसरं, "प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक", हे मला या कोठीच्या दारात दर वेळी आठवतं.

आणि नोंदीचं दुखणं असं की जुन्या मराठी पुस्तकांच्या नोंदी बहुतेक रोमन लिपीत आहेत. "चरित्र" देवनागरीत टाइप केलं तर त्या सापडत नाहीत. आपण जसं इंग्रजीत लिहितो तसं सीएच घालून लिहिलं तरी सापडत नाहीत, कारण ग्रंथालयांच्या लिप्यंतरात च म्हणजे नुसता सी, आणि सीएच म्हणजे छ. शिवाय आपण न उच्चारलेला शेवटचा अ सुद्धा लिहायचा असतो. "पुस्तक"च्या शेवटी ए हवाच. ळ साठी एल आणि खाली टिंब, पण शोधताना टिंबाची गरज नसते. तुमच्यापैकी कुणी अमेरिकन लायब्ररीच्या किंवा हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर जुनं मराठी पुस्तक शोधून हात टेकले असतील, तर या दोन गोष्टी धरून पुन्हा एकदा शोधा. माझ्या आत्तेभावाला त्याच्या आजोबांनी लिहिलेलं शेतीवरचं छोटं पुस्तक असंच सापडलं. घरात त्याची एकही प्रत उरली नव्हती.

म्हणून गेले दोन उन्हाळे मी दुपारचे दोन तास तालिका विभागात मागून घेतले आहेत. पुस्तक हातात घ्यायचं, नोंद उघडायची आणि रोमन शीर्षकाला जोडून देवनागरी शीर्षक भरायचं. कोठीकडे जाणारी पुस्तकं आधी, कारण त्यांना नोंदीवाचून दुसरा आधार नाही. दिवसाला बारा-पंधरा होतात. घाईने जास्त होतील, पण मुखपृष्ठावर एक शीर्षक आणि आतल्या पानावर दुसरं, असं मराठी पुस्तकांत बरेचदा असतं. ते दोन्ही भरायला हवं.

ऑगस्ट उजाडला की हात आवरते घ्यावे लागतात. प्राध्यापकांच्या याद्या यायला लागतात, वर्गासाठी नेमलेली पुस्तकं दोन-दोन तासांच्या देवघेवीसाठी वेगळी काढायची असतात. नवी विद्यार्थी मंडळी कामावर रुजू होतात आणि नाणी पुन्हा खिशातून बाहेर येतात. बाहेर मका डोक्याच्या वर गेलेला असतो. परवा, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, संशोधक मुलीकडून तो पहिला खंड परत आला. यंदा आलेला नवा मुलगा इथल्याच शेतकऱ्याचा आहे. त्याने दांडीवरचं कार्ड बघितलं, खंडाची पाठ बघितली, पुन्हा कार्ड बघितलं आणि तो दुसऱ्या खंडाच्या आधी लावला.

माझ्या मराठीच्या चार फळ्या राहिल्याच. जिथवर आले तिथे पुस्तकांच्या मधे कागदाची एक पट्टी खोचून ठेवली आहे, वर तारीख घालून. मेमध्ये तिथून पुढे.