शिक्का मारण्याआधी

“काका, शिक्काच तर मारायचाय, मग हे उभं करून शपथ वदवून घेणं कशाला?”

मी इंदूरच्या कोर्टातला नोटरी, हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याची स्कूटर बाहेर नो पार्किंगमध्ये असते, हातात झेरॉक्सचा गठ्ठा असतो, आणि पलीकडच्या टेबलावर अर्ध्या मिनिटात माणूस मोकळा होतोय हे त्याला दिसत असतं. मी मात्र आधी ओळखपत्र बघतो, कागद वाचून दाखवतो आणि मग म्हणतो, “बोला, वरचा मजकूर खरा आहे, मी शपथेवर सांगतो.” लोक हसतात, लाजतात. एका पठ्ठ्यानं तर शेजारी उभ्या बायकोकडे बघून अशी मान खाली घातली, जणू पुन्हा बोहल्यावर चढलाय. एरवी ‘नियम आहे’ म्हणून मी वेळ मारून नेतो. पण परवा रामबागेत एका मुंजीच्या पंगतीत तुम्हीच हा विषय काढलात आणि श्रीखंड दोनदा फिरून गेलं तरी माझं उत्तर संपेना. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

त्याच्या मुळाशी एक इंग्रजी शब्द आहे, ज्युरॅट.

इंदूरच्या कोर्टात काळा कोट घालून इतकी वर्षं वावरलेल्या माणसाला हा शब्द ठाऊक असायलाच हवा, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणतो. पण नव्हता. परदेशी शिकायला निघालेला एक मुलगा तिकडच्या कॉलेजचा फॉर्म घेऊन आला. एका चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, “सर, इथला ज्युरॅट नोटरीनं भरायचाय.” मी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा पुसला. आमचा मुन्शी मागून म्हणाला, “साहब, किसकी जुर्रत?” त्याच्या विनोदावर हसायच्या निमित्तानं मला थोडा अवधी मिळाला. चौकटीत तारीख, गाव आणि सहीची जागा होती, ती अंदाजानं भरली, शिक्का मारला. रात्री घरी येऊन जाडा शब्दकोश काढला.

प्रतिज्ञापत्राच्या तळाशी, ते कोणत्या दिवशी, कुठे आणि कोणासमोर शपथेवर केलं गेलं हे सांगणारा जो मजकूर असतो, तो ज्युरॅट. म्हणजे ज्या दोन ओळींखाली मी रोज पन्नास सह्या ठोकत होतो, त्यांनाच हे नाव होतं.

शब्दकोश एकदा हातात घेतला की मला लवकर ठेववत नाही. लॅटिनमध्ये शपथ घेण्याचा जो धातू आहे, त्याची ही पिलावळ. ज्युरी त्यातलीच, खोट्या साक्षीची पर्जरी त्यातलीच, आणि जादूगारासाठीचा कॉन्ज्युरर हा शब्दसुद्धा मुळात एकत्र शपथ घेण्यावरून निघालेला. इंग्लिश खाडीतल्या जर्सी आणि गर्न्सी बेटांवर तर ज्युरॅट हा चक्क माणूस असतो, शपथ घेऊन न्यायासनावर बसलेला. आणि अ‍ॅडज्युअर म्हणजे दुसऱ्याला शपथेत बांधून एखादी गोष्ट करायला लावणं. हे वाचलं आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. एवढा जडभारी शब्द, आणि ते काम माझी आजी चुलीपुढे बसून दिवसातून दहादा करायची. “तुला माझ्या गळ्याची शपथ, न जेवता उंबरा ओलांडलास तर!” आपल्याकडे शपथ घेता येते तशी घालताही येते, मोडता येते, आणि अडचण झाली की सोडवताही येते. गळ्याची कातडी चिमटीत धरून ‘गळ्याशप्पथ’ म्हणायचं आणि मग भावंडांच्या मागे लागायचं, “सुटली म्हण ना, सुटली म्हण!” ही सोय एकाही कायद्यात नाही.

मोठ्यांच्या शपथा मात्र अशा सुटत नसत. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे बेलभंडार हा शब्द या गावाला सांगावा लागत नाही. बेलाचं पान आणि भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. इंग्रजांनीही हे ओळखलं होतं. 1873 च्या शपथ कायद्यात एक अजब सोय होती. प्रतिपक्षानं अमुक एक शपथ घेतली तर त्याचं म्हणणं मला मान्य, असं पक्षकार म्हणू शकत असे. समोरच्यानं ती घेतली की त्या मुद्द्यावर तोच पुरावा अंतिम. 1969 चा नवा कायदा आला आणि ही सोय गेली. आता देवाच्या नावानं शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन करा, म्हणजे देवाचं नाव न घेता खरं सांगण्याचं वचन द्या, वजन सारखंच. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ म्हणजे काय हे कळत नसेल, पण खरं बोलायचं असतं एवढं कळत असेल, तर त्याची साक्ष शपथेवाचूनही चालते. मला हे कलम फार आवडतं.

पण शब्द पाठ झाला म्हणून कोणी टेबलावरची पद्धत बदलत नाही. माझी बदलली ती त्या आधीच्या वर्षी घडलेल्या एका गोष्टीमुळे.

एक ओळखीचे गृहस्थ आले होते. वडील वारलेले, घराचं नामांतरण करायचं होतं, म्हणजे कागदोपत्री वडिलांच्या जागी आपलं नाव लावायचं होतं. बहिणीचं शपथ-पत्र सोबत होतं, हिंदीत टाइप केलेलं, आमच्याकडे असतं तसं. ‘कंडिका 1 से 4 मेरे निजी ज्ञान से सत्य है’ वगैरे. बहिणीला घरात हिस्सा नको होता. “ताई कुठायत?” “तिला बरं नाही हो, सही करून दिलीय तिनं.” घरोब्यातला माणूस. रजिस्टरात बहिणीच्या नावापुढे त्यानंच सही केली, मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि शिक्का मारला.

चार महिन्यांनी ताई आल्या. ठणठणीत होत्या. पर्समधून कागदाची झेरॉक्स काढून त्यांनी टेबलावर ठेवली, हातानं सपाट केली. आवाज अजिबात चढवला नाही. “ही सही हिंदीत आहे. मी बँकेत तीस वर्षं काढली, जन्मात कधी हिंदीत सही केलेली नाही. पण ते राहू द्या.” मग बोट खाली सरकवून त्या दोन ओळींवर ठेवलं. “इथे लिहिलंय, ‘मेरे समक्ष’. मी तुमच्या समक्ष कधी आले होते?”

त्या बोटाचं नख अजून डोळ्यांपुढे आहे. कापलेलं, स्वच्छ, शाईचा एक बारीक डाग असलेलं.

मी लेखी दिलं की या बाई माझ्यासमोर आल्या नव्हत्या. नामांतरण अडलं. भावाशी माझं बोलणं संपलं, ताईंशी सुरू झालंच नाही. माझं लायसन्स वाचलं ते ताईंनी पुढे तक्रार केली नाही म्हणून, माझ्या काही गुणामुळे नाही.

तेव्हा शब्दकोशात ज्युरॅटचा अर्थ वाचताना मला त्या दोन ओळींवरचं बोट दिसत होतं. अ‍ॅफिडेव्हिट हे मुळात लॅटिन क्रियापद आहे, ‘त्यानं शपथेवर सांगितलं’ अशा अर्थाचं, आणि तेही भूतकाळी. वरच्या सगळ्या कंडिका पक्षकाराच्या. तिथे तो खोटं बोलला तर खोट्या पुराव्याच्या कलमाखाली तो अडकेल, न्यायालयीन कामात असेल तर सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पण तळाच्या दोन ओळी त्याच्या नाहीत, माझ्या आहेत. आज, इंदूर इथे, हा माणूस माझ्यासमोर होता आणि यानं शपथ घेतली, ही साक्ष मी देतोय. तो बोललाच नसेल, तर त्या कागदावरचा खोटारडा मी. इतकी वर्षं मी त्याला तळचा मजकूर म्हणत होतो. फॉर्मचा भाग, छापील. आपलं वाक्य छापील असलं की ते आपण बोललो असं वाटतच नाही.

म्हणून वदवून घेतो. वेळ लागतो, गिऱ्हाईक तुटतं. मुन्शी कुरकुरतो, आणि त्याचं बरोबरच आहे, त्याला वेळ मोजून पैसे मिळत नाहीत.

आमच्या मराठी घरांतून सर्वांत जास्त येतात त्या नावांच्या भानगडी. लग्नात नाव बदललेल्या बायका. माहेरच्या दाखल्यावर कुसुम, आधारवर सुनंदा, पेन्शनच्या कागदावर तिसरंच काही. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं त्यांना सत्तराव्या वर्षी शपथेवर सांगावं लागतं. गेल्या महिन्यात लोकमान्य नगरहून अशाच एक आजी आल्या, नातवाचा हात धरून. मी मजकूर मराठीत सांगितला आणि म्हटलं, आता शपथ घ्या. आजींनी पदर सावरला.

“कुणाची घालतोस? नातवंडांची नाही हो घेणार मी.”

“कुणाचीच नको आजी. नुसतं सांगा, हे खरं आहे.”

“म्हणजे शपथ नाही?”

दृढकथन हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला. “शपथच आहे, पण कुणाच्या गळ्याची नाही.”

आजींनी डोळे मिटले, हात जोडले आणि स्पष्ट म्हणाल्या, “कुसुम मीच आणि सुनंदाही मीच. खरं सांगते.” मी तारीख घातली, सही केली, शिक्का उचलला. आजी उठल्या नाहीत.

“झालं आजी.”

“आता सुटली म्हण.”

नातू ओशाळून मोबाईलमध्ये बघायला लागला. मुन्शीनं माझ्याकडे पाहिलं. मी शिक्का पॅडवर टेकवला आणि म्हटलं, “सुटली.”