उपास, जागरण आणि रात्रीची गोळी

शेगावचं देऊळ असो की सैलानीचा दर्गा, घरात स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा आजार) किंवा बायपोलर (कधी उत्साहाचं उधाण म्हणजे उन्माद, तर कधी खोल उदासी येणारा आजार) असलेला रुग्ण असला की आपल्याकडे देव आणि दवाखाना संगतीनंच चालतात. चालू द्या. अंगारा लावल्यानं गोळीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘आता गोळीची गरज नाही’ असं कुणी सांगितलं की. गोळीचा गुण पुरता दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि पहिल्या झटक्यातून बरं वाटल्यावरही ती साधारण वर्ष-दोन वर्षं चालू ठेवावी लागते. आणि हो, कुठंही नेलं तरी साखळीनं बांधायचं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं त्याला बंदी आहे.

आजारातून उठलेला माणूस बरेचदा कोपरा धरून बसतो. त्याला गुरुदेव सेवा मंडळाच्या सायंप्रार्थनेला न्या, सतरंजी टाकायचं काम द्या. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, चार माणसं शेजारी, आणि बोलायची सक्ती नाही. एवढं गोळीला जमत नाही.

जागरण मात्र नको. बायपोलरमध्ये एक-दोन रात्रींची झोप मोडली तरी उन्माद उसळू शकतो. भजनाला बसवा, पण दहाच्या आत घरी आणा.

‘देव मला हुकूम देतो’ असं म्हणू लागला तर वाद घालू नका. झोप किती झाली, गोळ्या किती चुकल्या, ते मोजा. हुकूम जिवावरचा असेल तर एकटं न सोडता थेट दवाखाना. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६.

सगळ्यात जपायचं ते लिथियमवाल्यानं, म्हणजे बायपोलरसाठी लिथियमची गोळी चालू असलेल्यानं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि ते रक्तात साचतं. म्हणून निर्जळ उपास नको, अळणी तर नकोच. साबुदाण्याच्या उसळीत मीठ रोजच्याइतकंच. पायी वारीत घाम जातो, त्यात गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणलं की लिथियम आणखी चढतं. पॅरासिटामॉल मागा. हात जोरात थरथरणं, उलटी-हगवण, झोकांड्या, जड जीभ दिसली की लोक म्हणतात, पिऊन आला, नाहीतर अंगात आलं. पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रक्तातलं लिथियम मोजायच्या नेहमीच्या तपासणीचं रक्त मात्र शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री ९ ला घेतली असेल तर सकाळी ९ ला; सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर.