पाच विरुद्ध चार

आठ तासांच्या दिवसाचा विजय म्हणून 'विल्सन विरुद्ध न्यू' हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कामगार कायद्याच्या तासाला हमखास सांगतात. मी पुण्यात शिवाजीनगरला कामगारांचे खटले लढवते, अधूनमधून शिकवतेही. मला मात्र हा निकाल पहिल्यापासून खटकतो.

1916 मध्ये तिथल्या रेल्वेच्या चार संघटनांनी 4 सप्टेंबरपासून देशभर संप पुकारला. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या मध्यस्थीला कंपन्या बधेनात. मग काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, घाईघाईने ॲडमसन कायदा केला आणि 3 तारखेला त्यावर सही झाली. तोवर मालगाडीवरचा पगारी दिवस म्हणजे शंभर मैल किंवा दहा तास. कायद्याने आठ तास हे मोजमाप ठरवलं आणि पगार तात्पुरता तेवढाच ठेवला.

बाबा निवृत्त लोको पायलट, सुरुवात दौंडला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारा, म्हणून. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून ठेवला. "अगं, मेल पुढे काढायची म्हणून मालगाडी लूपमध्ये, बाजूच्या रुळावर, उभी केली, की मैल कुठे वाढतात? घड्याळ मात्र चालूच. मग आठ तासांनी उतरवायचे का गाडीवरच्या माणसांना?"

उतरवायचे नाहीत. सोळा तासांची मर्यादा 1907 च्या वेगळ्या कायद्यात होती. ॲडमसनने एवढंच केलं, की आठच्या वरच्या वेळेला त्याच दराने पैसे.

"म्हणजे दीडपटही नाही?" बाबांचा उत्साह तिथेच मावळला.

या कायद्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं. निकाल आला 19 मार्च 1917 ला, पाच विरुद्ध चार, कायद्याच्या बाजूने. तास ठरवण्याच्या अधिकारावर फारसा वाद नव्हता, खरी झटापट पगारावर. सरन्यायाधीश व्हाइट यांचं म्हणणं असं: पगार हा मुळात दोन पक्षांचा खासगी करार. पण करार जमेना आणि राज्याराज्यांतली वाहतूक बंद पडायची वेळ आली, तर ती पोकळी सरकार भरू शकतं, कारण रेल्वे हा सार्वजनिक व्यवसाय. विरोधातले न्यायमूर्ती पिटनी यांच्या मते हे एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याला देणं होतं. गंमत म्हणजे निकाल वाचला जाण्याआधीच, पुन्हा आलेल्या संपाच्या धाकाने, कंपन्यांनी मान तुकवली होती.

माझी अडचण व्हाइट यांच्या पुढच्या पावलाशी आहे. व्यवसाय सार्वजनिक, म्हणून मालकावर बंधन. आणि त्याच कारणाने, सगळ्यांनी मिळून काम सोडण्याच्या कामगाराच्या हक्कावरही बंधन. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. प्रवाशांच्या सोयीसाठी संप आवरायचा असेल, तर बदल्यात कामगाराला काय, याचं उत्तर तिथे नीट नाही. पगार ठरवणाऱ्या सरकारवर त्याचा भरवसा का बसावा?

बाबांना हे समजवावं लागलं नाही. मे 1974 चा आपल्याकडचा वीस दिवसांचा रेल्वे संप त्यांनी पाहिलाय. तो बेकायदा ठरवला गेला, हजारोंना अटक झाली. तेव्हाही कारण तेच, देशाची वाहतूक. "आणि लोकोवाल्यांची मागणी काय होती? आठ तास," बाबा म्हणाले.

आज आपल्याकडे तास कायद्यात आहेत. 1989 च्या रेल्वे कायद्याप्रमाणे सतत काम असणाऱ्याला पंधरवड्याच्या सरासरीने आठवड्याला 54 तास, अति कष्टाच्या कामाला 45, आणि ज्याचं काम अधूनमधून येतं असं मानलं जातं त्याला 75 पर्यंत. फाटकावरचा गेटमन अनेकदा या शेवटच्या वर्गात. घोरपडीच्या फाटकाशी ज्यांनी हॉर्न वाजवत उन्हात वाट पाहिली आहे, त्यांनी 'अधूनमधून' हा शब्द जरा तपासून पाहावा.

येत्या वर्गात मुलांसमोर हाच वाद ठेवणार आहे: संपावरचा तो परिच्छेद निकालाचा पाया की नुसतं प्रासंगिक मत, म्हणजे ओघात केलेलं, बंधनकारक नसलेलं भाष्य? माझ्या मते प्रासंगिक, कारण खटला पगाराच्या कायद्याचा होता, संप करणारं कोणी आरोपी म्हणून समोर नव्हतंच. बाबा म्हणतात, न्यायाधीशाने एकदा लिहिलं की सरकार ते वापरणारच, मग तू त्याला काहीही नाव दे.