तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रावरून पियानोची रचना कशी होते?

चित्र पाहून सूर कसे सुचतात, असं कार्यक्रमानंतर कोणीतरी हमखास विचारतं. खरं सांगायचं तर चित्रात काय काढलंय त्यावरून मला फारसं काही सुचत नाही. मी चित्रकाराचा हात बघते.

मेणवलीच्या घाटावर एक मैत्रीण जलरंगात कृष्णेचं पात्र रंगवत होती. तिनं आधी कागद भिजवला आणि ओल्यावर निळा सोडला. रंग आपोआप पसरत गेला. किती पसरू द्यायचा, एवढंच तिच्या हाती. मला लगेच पियानोचं उजवं पेडल आठवलं. ते दाबलं की तारांवरचे सगळे डँपर, म्हणजे स्वर थांबवणाऱ्या मऊ गाद्या, उचलले जातात आणि न वाजवलेल्या तारासुद्धा गुणगुणू लागतात. पेडल अर्धंच सोडलं, तर डँपर तारांना जेमतेम शिवतात. वरच्या बारीक तारा विझतात, खर्जाच्या जाड तारा घुमत राहतात. सुकत चाललेल्या रंगाची कड मला तिथे सापडली. त्यासाठी आठवडाभर नुसता पाऊल उचलायचा सराव केला.

चित्रावरून रचना करणारी मी काही पहिली नाही. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीनं 1874 मध्ये दिवंगत मित्र हार्टमानच्या चित्रांवर पियानोसाठी अख्खी मालिका लिहिली. पण तो बहुतेक चित्रांतल्या विषयांमागे गेला. मला जवळचा वाटतो तो फ्रेंच संगीतकार देब्यूसी. 1903 मधल्या त्याच्या तीन रचनांचं नावच ‘एस्टाम्प’, म्हणजे ठशाची चित्रं. त्यातली ‘पॅगोड’ ऐका: खाली लांब स्वर, मध्ये धून, वर झरझर बारीक नक्षी. जपानी लाकडी छपाईत प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा असतो, तसे हे थर मला एकमेकांवर उमटलेले ऐकू येतात.

पण मेणवलीत मी सगळ्यात जास्त शिकले ते कोऱ्या जागेबद्दल. पाण्यावरचा कवडसा मैत्रिणीनं रंगवलाच नाही, सुरुवातीपासून कागद तिथे कोरा राखला. पियानोवरही एकदा हातोडी तारेवर पडली की स्वर विझायलाच लागतो. गवयासारखा तो मागाहून फुलवता येत नाही. म्हणून तिच्या चित्रावरून केलेल्या रचनेत मी आधी शांततेच्या जागा लिहिल्या, सूर नंतर. मधल्या एका रिकाम्या मात्रेत मला राहवलं नाही. दोनदा तिथे एक स्वर घातला, दोनदा खोडला. दोन्ही वेळा कवडसा मळत होता.