बक्षीस वाटपानंतरचं भाषण

धान चुरून घरात आलं की जानेवारीत आमच्या शाळेचं गॅदरिंग. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि ‘वेळेअभावी दोनच शब्द’ म्हणत पाहुण्यांनी खाल्लेला पाऊण तास हे अख्ख्या झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, सारखंच. मी थांबायचो ते चित्रकलेच्या सरांसाठी. दरवर्षी ते एका कलावंतावर बोलत. पण कधी? बक्षीस वाटप झाल्यावर, म्हणजे निम्मा मंडप स्टीलचे डबे घेऊन घरी गेल्यावर. त्यांचा नंबर वर घ्या म्हणून मी कमिटीत किती भांडलो! कोणी मनावर घेतलं नाही.

एरवी कलावंत बदलायचा, नर्तक उदयशंकर मात्र फिरून फिरून यायचे. सरांना ते आपल्या घरचे वाटत, कारण हा माणूस मूळचा चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून 1920 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला, तोही रंग-कुंचल्यासाठीच. तिथं रशियन बॅले नर्तिका ॲना पावलोव्हानं त्याला हेरलं. 1923 मध्ये तिच्यासाठी त्यानं ‘राधा-कृष्ण’ बसवलं. राधा ती, कृष्ण हा.

“कोणा गुरूचा गंडा नोता बांधला, बाप्पा! मूर्ती पाहून पाहून हात उचलला त्यानं,” म्हणत सर फळ्यावर खडूनं नटराजाचा हात काढत. मनगट, मग अंगठा, मग एकेक बोट. मग खडू ठेवून स्वतःचा हात तसा धरत. शर्टाची बाही खडूनं पांढरी झालेली, साठीला आलेली बोटं थोडी थरथरत. पण फळ्यावरचा हात आणि सरांचा हात एकच दिसे.

मग यायचा मातादीन. पॅरिस आणि अमेरिका गाजवणाऱ्या या माणसानं लहानपणी नसरतपूर गावात मातादीन नावाच्या नाचणाऱ्याला टक लावून पाहिलं होतं. हे सांगून सर दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, नाचणाऱ्या एखाद्याच्या पोराला स्टेजवर बोलवत. “लाजतं काऊन? बापाची चाल दाखव.” पोरगं आधी मान खाली घालून उभं राही, मग ढोलकीवाला थाप देई आणि पाय आपोआप उचलत. मागे बसलेला त्याचा बाप धोतराच्या सोग्यानं डोळे पुसताना मी पाहिलाय. माझेही कोरडे नसत.

1938 मध्ये उदयशंकर देशात परतले, अल्मोड्याला कलाकेंद्र उभारलं. कथकलीला शंकरन नंबुद्री, संगीताला अल्लाउद्दीन खाँ, शिकणाऱ्यांत गुरुदत्त. चारेक वर्षांत पैशाअभावी बंद पडलं. इथं सर थांबून संस्थाचालकांच्या खुर्चीकडे बघत. खुर्ची बहुधा रिकामीच असे.

आता गॅदरिंगसाठी राबणाऱ्यांचे आभार: फक्त गाडीभाडं घेऊन मंडप टाकणारे दादा, साऊंडवाले भाऊ, डीपीजवळ रात्रभर बसणारा लाईनमन, पोरींच्या साड्यांना पिना लावणाऱ्या बाई, आलूभात रांधणाऱ्या बचत गटाच्या ताया, समई विझू न देणारे शिपाई काका, स्टेजवर चढणारी कुत्री हाकलणारी नववीची पोरं आणि हो, ढोलकीवाले आजोबा. कोणी सुटलं असेल तर फोन करा जी, पुढच्या खेपेला माईकवरून नाव घेतो.

आणि नागपूर-पुण्याचे आमचे माजी विद्यार्थी! व्हॉट्सअ‍ॅपवर टाळ्यांचे अंगठे पाठवतात, आणि त्याच रात्री शेजारच्या गावी नाटक असलं की मोटारी बरोब्बर तिकडे वळतात. यंदा सरांचं भाषण बक्षिसांच्या आधी आहे. पत्रिका मीच छापून घेतली.