तुम्ही विचारलंत म्हणून: सहाशेचा हेडसेट का नाही घेतला?

आमच्या इंदूरच्या रामबागेत कुणाच्याही लग्नामुंजीला गेलो की कुणीतरी विचारतंच, "भिया, सहाशेचा यूएसबी हेडसेट आणायचा ना! लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये तीन आठवडे कशाला घातलेस?" एकदाचं सांगून टाकतो. (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच लॅपटॉप चालवणारी प्रणाली; ड्रायव्हर म्हणजे तिच्यातला, आवाजाची चिप हाताळणारा प्रोग्राम.)

आई ऑनलाइन भजनं शिकवायची. मुलींना ऐकू जायची कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, आणि त्यामागून विहिरीतून आल्यासारखी आई. मी वैतागायचो, "आई, पिन नीट खुपस गं." ती पिन काढायची, पदराने पुसायची, परत घालायची. दोन हेडसेट मी खराब ठरवून टाकून दिले. पुढे पुढे ती वर्ग सुरू होतानाच सांगायला लागली, "बाळांनो, मला मेलीला हे यंत्र जमत नाही." शेजारच्या खोलीत मी होतो. गप्प बसलो.

एका रात्री ऑडिओ चिपच्या पिनांची यादी काढली. हेक्समधल्या (म्हणजे दहाऐवजी सोळा अंकांच्या मोजणीतल्या) पिन १९ पुढे होतं ४१११११एफ०. म्हणजे बायोसच, लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रामच, सांगत होता की इथे काही जोडलेलंच नाही. भोक एकच, त्यात हेडफोनही आणि माईकही; हेडफोनची नोंद होती, माईकची नव्हती. मग अल्सा, म्हणजे लिनक्सचा आवाज सांभाळणारा भाग, बिचारं लॅपटॉपच्या पोटातला माईक धरून बसलं. तिथे ०१ए१९१३सी भरलं. शेवटचा सी म्हणजे हेडसेटचा माईक. आईचा आवाज स्वच्छ आला. आईने खुपसलेली पिन पहिल्यापासून नीटच होती.

घरापुरतं काम तिथेच संपलं, हे मान्य. तीन आठवडे गेले ते लॅपटॉपच्या या मॉडेलचा नंबर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, यादीत घालण्यात. एक ओळ! पॅच, म्हणजे मी पाठवलेला बदल, परत आला, कारण यादी नंबरांच्या क्रमाने असते आणि मी ओळ भलतीकडे घातली होती. दुसऱ्यांदा टॅबच्या जागी स्पेस.

इतरांची सोय व्हावी म्हणून केलं, असं तेव्हा छाती फुगवून सांगायचो. असेलही थोडं. पण "आई, तुझं चुकलं नव्हतं" एवढं म्हणायला मला कर्नलचा शिक्का का लागावा? ते तर त्या रात्रीच म्हणता आलं असतं. अजूनही नीटसं म्हटलेलं नाही.

आणि हो, आई आता यूएसबी हेडसेटच वापरते. भाच्याने आणून दिला, साडेचारशेला. त्याचीही पिन ती पदराने पुसूनच घालते.